पंचावन्न नाबाद

१५ जून २०१६ रोजी हरारेत भारत आणि झिम्बाब्वे यांच्यातला तिसरा एकदिवसीय सामना झाला. मालिका भारताने आधीच खिशात घातली होती. यजमानांचा डाव १२३ धावांत आटोपला, बुमराने चार बळी घेतले आणि भारताच्या सलामीच्या जोडीने बाविसाव्या षटकात, एकही गडी न गमावता, सामना संपवून टाकला. के. एल. राहुल ६३ नाबाद. दुसऱ्या टोकाला नागपूरचा फैज फजल, ५५ नाबाद. वय तीस, भारताकडून पहिलाच सामना. तोच शेवटचाही ठरला.

आता हा खेळाडू मोठा की छोटा?

यवतमाळहून दारव्ह्याकडे जाताना बोरी अरब लागतं. नागपूरजवळचं जामठ्याचं स्टेडियम इथून दीडशे किलोमीटरांहून जास्त लांब, पण रणजीचा हंगाम सुरू झाला की पानठेल्यावर हा प्रश्न निघतोच निघतो. कापूस-सोयाबीन घरात आलं की मोकळ्या वावरात पिच चोपून टेनिस बॉलचे सामने लावणारं हे गाव. त्यामुळे आपलं म्हणणं खरं, असं प्रत्येकालाच वाटतं. वयाने मोठे असलेले एक काकाजी उमेश यादवच्या बाजूचे. खाणकामगाराचा मुलगा, ५७ कसोट्या, १७० बळी. विदर्भाचा सर्वांत मोठा खेळाडू कोण, हे त्यांच्या लेखी ठरलेलं आहे. फैज फजलचं नाव काढलं की ते तंबाखू मळता मळता म्हणतात, “एकच मॅच खेळला थो. एका मॅचीनं काय होते?” त्यावर कॉलेजात जाणारा एक पोरगा हटकून उत्तर देतो, “पण काकाजी, थो औट तं झाला नाही ना!”

हसू येतं, पण पोराच्या बोलण्यात गणित आहे. फलंदाजाची सरासरी काढताना धावांना डावांच्या संख्येने भागत नाहीत, तो किती वेळा बाद झाला त्या संख्येने भागतात. फैज बादच झाला नाही. पंचावन्नला शून्याने भागायचं कसं? म्हणून नोंदवहीत त्याच्या एकदिवसीय सरासरीच्या रकान्यात आकडाच नाही, एक आडवी रेघ आहे. भारताच्या निळ्या जर्सीतल्या त्याच्या सगळ्या कारकिर्दीचा हिशेब तेवढाच.

सरासरी नावाच्या या आकड्यावर आपण वाजवीपेक्षा जास्त विश्वास टाकतो. विदर्भाचंच दुसरं उदाहरण घ्या. २०२४-२५ च्या विजय हजारे करंडकात करुण नायर विदर्भाचा कर्णधार होता. अंतिम सामन्यापर्यंत त्याने ७५२ धावा केल्या होत्या आणि बाद झाला होता एकदाच. म्हणजे सरासरी ७५२! अंतिम सामन्यात तो २७ धावांवर बाद झाला आणि सरासरी एकदम ३८९.५० वर आली. एका चेंडूत माणूस निम्मा झाला का? तो होता तेवढाच राहिला, फक्त भागाकाराचा खालचा आकडा एकाचा दोन झाला. डाव थोडे आणि नाबाद जास्त असले की सरासरी अशी झोके घेते. ती बोलू लागते ती शंभरेक डाव झाल्यावर. आणि तसं पाहिलं तर फैजकडे बोलण्यासारखं पुष्कळ आहे, फक्त ते भारताच्या खात्यात नाही, बहुतेक विदर्भाच्या खात्यात आहे. प्रथम श्रेणीत, म्हणजे तीन किंवा अधिक दिवसांच्या सामन्यांत, नऊ हजारांहून अधिक धावा. २००३-०४ च्या हंगामात पदार्पणातच शतक. वीस वर्षांच्या कारकिर्दीत बहुतेक काळ विदर्भाचाच सलामीवीर.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण विदर्भाचा संघ म्हणजे काय हे ठाऊक असल्याशिवाय या वादाची धार कळत नाही. महाराष्ट्र राज्य एक, पण रणजीत त्याचे तीन संघ: मुंबई, पुण्याचा महाराष्ट्र आणि नागपूरचा विदर्भ. बोरी अरबचा एखादा पोरगा लेदर बॉलवर चांगला निघाला, तर तो यवतमाळ जिल्ह्याकडून खेळेल, मग विदर्भाच्या वयोगटाच्या संघांतून वर चढेल. पुण्याच्या संघाशी त्याचा संबंध येत नाही. विभागही वेगळा. मुंबई आणि पुणे पश्चिम विभागात, बडोदा-गुजरात-सौराष्ट्रासोबत. विदर्भ मध्य विभागात, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य प्रदेश आणि रेल्वे यांच्या पंगतीला. म्हणजे विभागवार होणाऱ्या दुलीप करंडकात विदर्भाच्या मुलाने मुंबईकराशी खांद्याला खांदा लावून खेळायचं नाही, समोर उभं राहून खेळायचं.

१९५७-५८ पासून विदर्भ रणजी खेळतोय. साठ वर्षं काय झालं, हे थोडक्यात सांगता येतं: फार काही झालं नाही. मुंबईने तिसाहून अधिक विजेतेपदं नेली, विदर्भाने त्या काळात अंतिम फेरीचं तोंडही पाहिलं नाही. बराच काळ तर दुय्यम गटात, प्लेटमध्ये गेला. अशा संघात वर्षानुवर्षं डावाची सुरुवात करायची, म्हणजे समोरचा गोलंदाज ताजा, आपल्या मागची फलंदाजी कच्ची आणि प्रेक्षागारात दोन-चार सुरक्षारक्षक. आता रणजी मोबाइलवर दिसते, तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या पेपरात चार ओळी आल्या तरी नशीब.

मार्च २०१६ मध्ये फैजला इराणी करंडकासाठी शेष भारताच्या संघात घेतलं. समोर रणजी विजेता मुंबई, सामनाही मुंबईतच. शेवटच्या डावात ४८० धावा हव्या होत्या. चौथ्या डावात ४८० म्हटल्यावर बहुतेक संघ अनिर्णितचा विचार करतात. फैजने १२७ केल्या, करुण नायरने ९२, आणि शेष भारताने सामना जिंकला. तीन महिन्यांनी फैज झिम्बाब्वेच्या विमानात बसला. गंमत अशी की त्या दौऱ्यात पहिल्या दोन सामन्यांत राहुलसोबत सलामीला गेला होता करुण नायर. तिसऱ्या सामन्यात ती जागा फैजला मिळाली. सहा महिन्यांनी याच करुणने चेन्नईत इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ धावा ठोकल्या. आणि पुढे तो विदर्भाकडून खेळायला आला.

झिम्बाब्वेला नेहमीचे सलामीवीर गेलेच नव्हते. ते परतले, दार बंद झालं. फैजच्या ५५ धावांत काही उणं होतं म्हणून नव्हे. भारतीय क्रिकेटमध्ये संधीला रांग असते आणि ती रांग फक्त धावांवर हलत नाही. पुढे उभा असलेला माणूस कधी थकतो, कधी जायबंदी होतो, यावरही हलते. शिखर धवन, रोहित शर्मा, राहुल यांच्या काळात सलामीवीर म्हणून जन्माला येणं ही चूक म्हणायची का?

याच चुकीचं सर्वांत मोठं उदाहरण मुंबईत घडलं. पद्माकर शिवलकर, डावखुरा फिरकी गोलंदाज, प्रथम श्रेणीत ५८९ बळी, सरासरी विसाच्या आत. भारताकडून एकही कसोटी नाही. कारण एकच नाव: बिशनसिंग बेदी. ६७ कसोट्या, २६६ बळी. तोही डावखुरा, तोही फिरकी, आणि तो खेळत असताना दुसरा तसाच गोलंदाज खेळवायचा कशाला? हरियाणाच्या राजिंदर गोयल यांचीही तीच गत. रणजीत ६३७ बळी, आजवर त्या आकड्याच्या जवळपासही कुणी गेलेलं नाही. १९७४ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्धच्या बंगळूर कसोटीत बेदीला शिस्तभंगावरून बाहेर ठेवलं, गोयल बारा जणांत आले, आणि सकाळी अकरा निवडले तेव्हा तेच वगळले गेले. सुनील गावसकरांनी आपल्या आवडत्या खेळाडूंवर ‘आयडॉल्स’ हे पुस्तक लिहिलं, त्यात जगभरच्या दिग्गजांच्या शेजारी या दोघांनाही बसवलं. गावसकर त्यांना मैदानात खेळलेले होते, टीव्हीवर पाहिलेले नव्हते. माझ्या मते ही साक्ष कसोटी टोपीपेक्षा जड आहे.

शिवलकरांचा एक सामना मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण त्याचा धागा थेट विदर्भापर्यंत येतो. १९७२-७३ चा रणजी अंतिम सामना, चेन्नईचं चेपॉक, मुंबईविरुद्ध तमिळनाडू. खेळपट्टी अशी की चेंडू टप्पा पडल्यावर कुठे जाईल ते टाकणाऱ्यालाही ठाऊक नसावं. मुंबईने १५१ आणि ११३ केल्या, आणि तेवढ्या पुरल्या. तमिळनाडूचे डाव ८० आणि ६१. शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत ८, दुसऱ्या डावात १८ धावांत ५ बळी घेतले. चौतीस धावांत तेरा! सामना तिसऱ्या दिवशी पहिल्याच चेंडूवर संपला. याच सामन्यात हरलेल्या बाजूच्या बी. कल्याणसुंदरम यांनी हॅट्ट्रिक केली होती. रणजीच्या अंतिम सामन्यातली ती पहिली हॅट्ट्रिक. पुढची पंचेचाळीस वर्षं दुसरी कुणाला जमली नाही.

ती जमली रजनीश गुरबानीला.

डिसेंबर २०१७. विदर्भ पहिल्यांदा रणजीच्या अंतिम फेरीत पोहोचला होता, आणि पोहोचला तो कसा? कोलकात्यात उपांत्य सामन्यात कर्नाटकाला १९८ धावा हव्या होत्या. शेवटच्या दिवशी सकाळी त्यांचे सात गडी बाद झालेले, आणि तरीही ते शेपटाच्या जोरावर १९२ पर्यंत येऊन ठेपले. पाच धावांनी विदर्भ जिंकला. गुरबानीने त्या डावात ६८ धावांत ७ बळी घेतले, सामन्यात १२. शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर असलेला हा मध्यमगती गोलंदाज त्या हंगामाआधी नागपूरबाहेर फारसा कुणाला माहीत नव्हता.

इंदूरच्या होळकर स्टेडियमवर अंतिम सामना, समोर दिल्ली. ध्रुव शौरी शतक ठोकून उभा, दिल्लीचे शेवटचे फलंदाज त्याला साथ देऊन धावा जमवायच्या बेतात. गुरबानीने एका षटकाच्या शेवटच्या दोन चेंडूंवर विकास मिश्रा आणि नवदीप सैनीच्या यष्ट्या उडवल्या. मधलं एक षटक दुसऱ्या टोकाने झालं. पुढच्या षटकाच्या पहिल्या चेंडूवर समोर होता १४५ धावांवर खेळणारा शौरी, तळाचा फलंदाज नव्हे. त्याच्याही यष्ट्या उडाल्या. तिन्ही त्रिफळाचीत! ना झेल, ना पायचीत, पंचाकडे बघायचीही गरज नाही. दिल्ली २९५. पुढे अक्षय वाडकरच्या १३३ धावांच्या जोरावर विदर्भाने ५४७ केल्या, आणि २०१८ च्या पहिल्या दिवशी सामना नऊ गडी राखून जिंकला. करंडक हातात घेणारा कर्णधार फैज फजल. त्या हंगामात त्याच्या धावा ९१२. पुढच्या वर्षी जामठ्यात सौराष्ट्राला हरवून विदर्भाने पुन्हा करंडक जिंकला, तेव्हाही कर्णधार तोच.

काकाजींना हे सगळं मान्य असतं. त्यांचा मुद्दा वेगळाच असतो: रणजी ही पायरी आहे, मुक्कामाचं ठिकाण नव्हे. पायरीवर कितीही सुंदर बसलात तरी माडीवर गेलात का, ते सांगा. हा युक्तिवाद फक्त पानठेल्यावरचा नाही. जगभर खेळाचे चाहते याच मुद्द्यावर भांडतात, आणि सर्वांत कडाडून भांडतात ते बहुधा अमेरिकेत.

तिथे अमेरिकन फुटबॉल, म्हणजे हातात अंडाकृती चेंडू घेऊन खेळायचा धसमुसळा खेळ, कॉलेज पातळीवर प्रचंड लोकप्रिय आहे. संघाचा सूत्रधार असतो क्वार्टरबॅक. जवळजवळ प्रत्येक चाल त्याच्या हातातून सुरू होते. चेंडू फेकायचा, दुसऱ्याच्या हाती द्यायचा की स्वतः घेऊन धावायचं, हे दोन-तीन सेकंदांत त्याने ठरवायचं. कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूला १९३५ पासून हाइझमन ट्रॉफी देतात. २००७ मध्ये ती फ्लोरिडा विद्यापीठाच्या टिम टीबोला मिळाली. दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या खेळाडूला ती मिळण्याची ही पहिलीच वेळ. त्याच्या संघाने त्याच्या काळात दोनदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. विद्यापीठाच्या स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे. मग तो व्यावसायिक साखळीत, एनएफएलमध्ये गेला आणि तिथे अडखळला. चेंडू फेकण्याची त्याची पद्धत संथ होती, २०११ च्या हंगामात त्याच्या निम्म्याहून अधिक फेकी साथीदाराच्या हाती लागल्याच नाहीत. तरीही त्याच हंगामाच्या अखेरीस बाद फेरीत, ८ जानेवारी २०१२ रोजी, पिट्सबर्गविरुद्ध जादा वेळेतल्या पहिल्याच चालीत त्याने टाकलेल्या पासवर ८० यार्डांचं अंतर कापलं गेलं आणि डेन्व्हरने सामना जिंकला. आणखी एक हंगाम, आणि मग त्याला कुणी खेळवलंच नाही.

टीबो थोर की फुसका? फ्लोरिडातला माणूस म्हणतो, थोर, पुतळा बघ. बाकीचे म्हणतात, वरच्या पायरीवर टिकला नाही तो कसला थोर. यातली मेख अशी की दोघे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत. पहिला सांगतो त्याने काय केलं. दुसरा सांगतो त्याने पुढे काय करायला हवं होतं. हाइझमन ही पुढच्या यशाची हमी म्हणून दिलेलीच नव्हती. झालेल्या कामाची ती पोचपावती होती. आपण चाहते तिला ॲडव्हान्स समजतो आणि मग वसुलीला निघतो.

एका बाबतीत मात्र टीबो आणि फैज यांची तुलना लंगडी पडते, आणि ती बाब महत्त्वाची आहे. टीबोला व्यावसायिक साखळीत संधी मिळाली आणि तिथे त्याची मर्यादा उघडी पडली. फैजची मर्यादा कधी तपासलीच गेली नाही. एक सामना दिला, त्यात तो बाद झाला नाही, आणि कागद बंद केला. शिवलकरांना तर तो एकही मिळाला नाही. अपयश आणि संधीच न मिळणं, या दोन गोष्टी आकडेवारीच्या तक्त्यात सारख्याच दिसतात: रकाना रिकामा. चाहत्याने त्या वेगळ्या काढायला शिकलं पाहिजे, नाहीतर तो रिकाम्या रकान्यावरून माणसाची लायकी ठरवून मोकळा होतो.

अमोल मुझुमदारचं उदाहरण याहून बोलकं. १९८८ मध्ये सचिन आणि विनोद कांबळी यांनी शारदाश्रम शाळेकडून ६६४ धावांची भागीदारी केली तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा तो. १९९३-९४ मध्ये मुंबईकडून पहिल्याच रणजी सामन्यात २६० धावा, पदार्पणातला तेव्हाचा जागतिक विक्रम. प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा, ३० शतकं. सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण यांच्या काळात मधल्या फळीत जागा कुठून मिळणार? भारताकडून शून्य सामने. वीस वर्षं लोक त्याचं नाव ‘बिचारा’ या शब्दाला जोडून घेत राहिले. मग २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, आणि मुख्य प्रशिक्षक होता अमोल. एका रात्रीत ‘बिचारा’ गळून पडलं. त्याच्या ११ हजार धावांत त्या रात्री एकाचीही भर पडली नव्हती, हे कुणाच्या ध्यानात आलं का? धावा त्याच, शतकं तीच; आता मात्र लोक त्याच धावांकडे शहाण्या माणसाची तयारी म्हणून बघू लागले. वारसा म्हणून आपण जे काही बोलतो त्यातलं बरंचसं असं नंतर ठरतं, आणि खेळाडूच्या खेळावर ठरत नाही.

पानठेल्यावर तिसरा एक पक्ष आहे, वसीम जाफरचा. रणजीत १२ हजार धावांचा टप्पा पहिल्यांदा ओलांडणारा फलंदाज. भारताकडून ३१ कसोट्या, त्यात दोन द्विशतकं. २०१५ मध्ये तो मुंबई सोडून विदर्भात आला, दोन्ही विजेतेपदांत खेळला. इंदूरला विजयी चौकार त्याच्याच बॅटचा. २०१८ च्या इराणी सामन्यात चाळिशी गाठली असताना २८६ धावा केल्या, पुढच्या रणजी हंगामात हजारावर. विदर्भाच्या पोरांना दोन दिवस खेळपट्टीवर उभं राहायचं कसं, हे त्याच्याकडे बघून कळलं, असं त्या संघातले खेळाडूच सांगत आले आहेत. पण तो आपला की मुंबईचा? इथे वाद भलत्याच वळणावर जातो, कारण ‘आपला’ म्हणजे कोण, याचा हिशेब क्रिकेटने कधीच मोडीत काढलाय. इंदूरला गुरबानीने ज्याच्या यष्ट्या उडवल्या तो ध्रुव शौरी नंतर विदर्भाकडून खेळू लागला. आणि गुरबानी? तो महाराष्ट्राच्या संघात गेला. करुण नायर कर्नाटकाचा; २०२४-२५ च्या रणजी अंतिम सामन्यात केरळविरुद्ध ८६ आणि १३५ करून विदर्भाला तिसरा करंडक मिळवून देण्यात त्याचा मोठा वाटा, आणि पुढच्या हंगामात परत कर्नाटकात. मला वाटतं, यावर भांडण्यात अर्थ नाही. ज्या दिवशी ज्याच्या टोपीत खेळला, त्या दिवसापुरता त्याचा.

आणि या सगळ्यांच्या मागे एक म्हातारा नागपूरकर उभा आहे, ज्याच्याबद्दल पानठेल्यावर क्वचितच कुणी बोलतं. कर्नल सी. के. नायडू, जन्म नागपूरचा, १८९५. भारताचा पहिला कसोटी कर्णधार. कसोटीतले आकडे पाहिलेत तर थबकाल: ७ सामने, ३५० धावा, सरासरी बरोबर २५. आजच्या हिशेबाने संघाबाहेर. पण भारताने पहिली कसोटी खेळली १९३२ मध्ये, तेव्हा नायडू छत्तीस वर्षांचे होते. तारुण्यातली सगळी वर्षं ज्या काळात गेली त्या काळात भारताला कसोटी क्रिकेटच नव्हतं. १९२६ मध्ये मुंबईच्या जिमखान्यावर त्यांनी इंग्लंडहून आलेल्या एमसीसीच्या गोलंदाजीवर दोन तासांच्या आत १५३ धावा काढल्या, त्यात अकरा षटकार! भारतात कसोटीचा दर्जा देण्याइतपत दम आहे, ही गोष्ट इंग्रजांच्या गळी उतरवण्यात त्या खेळीचा हात मोठा होता. म्हणजे ज्या कसोट्यांवरून आपण त्यांना मोजतो, त्या कसोट्या मिळवून देणाऱ्यांतलेच ते एक.

आता जुळवून बघा. भारतीय क्रिकेट मंडळाचा जीवनगौरव पुरस्कार सी. के. नायडूंच्या नावाने दिला जातो. २०१७ मध्ये तो पद्माकर शिवलकर आणि राजिंदर गोयल या दोघांना मिळाला. २५ च्या सरासरीच्या माणसाच्या नावाचा सर्वोच्च सन्मान, एकही कसोटी न खेळलेल्या दोघांना. काकाजींच्या पायरी-माडीच्या हिशेबात हे बसत नाही, आणि हिशेब चुकलाय असं मला वाटतं, पुरस्कार चुकलेला नाही. शिवलकर ३ मार्च २०२५ रोजी गेले, तेव्हा मुंबईच्या मैदानांवरची जुनी माणसं त्यांच्या टप्प्याबद्दल बोलत होती, न मिळालेल्या टोपीबद्दल नंतर.

फैज फजलकडे परत यायचं तर, मी त्याच्या बाजूचा आहे. कारण साठ वर्षं अंतिम फेरी न पाहिलेल्या संघासाठी रणजी ही पायरी नव्हतीच, तीच माडी होती. मुंबईसाठी त्रेचाळिसावा की चव्वेचाळिसावा करंडक, हे नुसतं मोजायचं काम. विदर्भाला पहिल्या करंडकानंतर आपण जिंकू शकतो हे कळलं. ते कळल्यामुळे पुढच्या वर्षी दुसरा आला, सात वर्षांत तिसरा. उमेश यादवने विदर्भाचं नाव मेलबर्न-लॉर्ड्‌सला नेलं हे खरंच. पण तो भारताच्या दौऱ्यांवर असताना घरचा संघ चालवणारा कुणीतरी लागतो, आणि त्या कुणीतरीने वर्षानुवर्षं ते काम केलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये हरियाणाविरुद्ध खेळून फैज नागपुरातच थांबला, जिथे सुरुवात केली होती तिथेच.

बोरी अरबला सध्या भांडण आहे हर्ष दुबेवरून. डावखुऱ्या फिरकीचा हा विदर्भाचा गडी. २०२४-२५ मध्ये त्याने रणजीत ६९ बळी घेतले, एका हंगामातला विक्रम. आधीचा विक्रम ६८ चा, बिहारच्या आशुतोष अमनचा, २०१८-१९ मधला. अमनची सरासरी साडेसहाच्या आत, दुबेची जवळपास सतरा. मग वरचढ कोण? इथे पोरगा सरासरी विसरतो आणि काकाजी सरासरी काढून दाखवतात. पण अमन खेळला तो प्लेट गटात, नव्याने रणजीत आलेल्या संघांविरुद्ध, आठ सामन्यांत. दुबेला दहा सामने मिळाले, पण त्यात बाद फेरीत तमिळनाडू, मुंबई आणि केरळ हे संघ होते. त्याआधीचे ६४ बळी बेदीचे, १९७४-७५ मधले, तेव्हा एका हंगामात सामनेच कमी असत. तीन आकडे, तीन वेगळे काळ, तीन वेगळ्या दर्जाचे प्रतिस्पर्धी. प्रतिस्पर्ध्याचा दर्जा धरला तर माझं मत दुबेला. त्यावर काकाजी विचारतात की बाद फेरीचे तिन्ही सामने नागपुरात, घरच्या खेळपट्टीवर झाले, त्याचं काय? प्रश्न रास्त आहे. दुबेचे घरचे बळी वेगळे, बाहेरचे वेगळे काढून पाहिल्याशिवाय तो सुटायचा नाही, आणि ती धावपत्रकं घेऊन बसायला पानठेल्यावर अजून कुणी तयार नाही.